झावळ्यांची खोपी आणि ज्यूंचा सण

प्रश्न : हणजुण्याला आमच्या गेस्टहाऊसमधल्या इस्रायली पाहुण्यांनी अंगणात झावळ्यांची खोपी घातली, तीही मुद्दाम माडांपासून लांब. हा कसला सण, आणि तारीख दरवर्षी का बदलते? (वाचक, म्हापसा)

उत्तर : तो सुक्कोत. इजिप्तमधून सुटल्यावर पूर्वज रानात खोप्यांत राहिले त्याची आठवण, शिवाय पीक घरात आल्याचा आनंद. म्हणून सात दिवस खोपीत जेवायचं, छप्पर तोडलेल्या फांद्यांचंच, रात्री वरून चांदण्या दिसतील इतकं विरळ, आणि वर झाड नको, म्हणून माड टाळले. आत फळं टांगतात, आपली गणपतीच्या वर फळं टांगून सजवतात ती माटोळीच म्हणा ना! हातात खजुराची झावळी, मर्टल नि विलो या झाडांच्या डहाळ्या आणि महाळुंग घेऊन प्रार्थना.

तारखेचं म्हणाल तर त्यांचे महिनेही चंद्रावर, तिश्री महिन्याची १५, म्हणजे पुनवेच्या आसपास. २०२४ ला १६ ऑक्टोबर, २०२५ ला ६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू झाला, दोन्ही वेळा कोजागरीच. पण २०२६ ला २५ सप्टेंबर, आपल्याकडे अनंत चतुर्दशी, कारण आपला अधिक महिना त्याआधी येऊन गेला आणि त्यांचा यायचाय. १९ वर्षांत सात वेळा ते महिना वाढवतात, नाहीतर सुगीचा सण सरकत भर उन्हाळ्यात जायचा.