सोनाराची सवागी आणि कपाशीचा बोरॅक्स

दर्यापूरकडच्या एका शेतकऱ्याने विचारलंय : "सायेब, सोनाराकडची सवागी अन् कृषी केंद्रातलं बोरॅक्स एकच हाये का? कपाशीची पाती लय गळून राह्यली, एकरी दहा किलो फेकू का?"

पाती म्हणजे कपाशीच्या कळ्या. पहिल्याचं उत्तर हो. सवागी, टाकणखार, बोरॅक्स ही एकाच क्षाराची नावं. बोरॅक्स हा शब्द अरबी 'बुरक'वरून आला. आटणाऱ्या खाऱ्या सरोवरांत हा क्षार साचतो. पूर्वी तो तिबेटातून शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर लादून हिमालय ओलांडून यायचा. आता जगातला मोठा साठा तुर्कस्तानात आहे. सोनार दागिना सांधताना तो लावतो, कारण तापल्यावर तो धातूवर चढलेला ऑक्साइडचा थर विरघळवतो आणि झाळण नीट पसरते. शेतात मात्र सोनाराकडची पुडी नको, खताच्या दर्जाचंच घ्या. त्यात बोरॉन 10.5 टक्के असतं.

दुसऱ्याचं उत्तर नाही. पिकाला बोरॉन लागतं हे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी 1923 साली दाखवलं, पण लागतं ते चिमूटभर. कमी आणि जास्त यांतलं अंतर इतकं थोडं आहे की हात सैल सुटला तर जुन्या पानांच्या कडा करपतात. त्यात तुम्ही खारपाणपट्ट्यातले. तिथल्या काही विहिरींच्या पाण्यातच बोरॉन असू शकतं, म्हणून आधी माती-पाणी तपासा. मातीत बोरॉन 0.5 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत अर्ध्या भागापेक्षा) कमी निघालं तरच एकरी 2 किलो बोरॅक्स शेणखतात मिसळून द्या, तेही दरवर्षी नाही.

आणि पाती गळली की बोरॉनच कमी, असं नसतं. ढगाळ हवा, साचलेलं पाणी, बोंडअळी, हेही बघा. काही गळ तर झाडाची नेहमीचीच. बोरॉन झाडात सहजासहजी हलत नाही, त्यामुळे कमतरता कोवळ्या भागात दिसते : शेंडा मरतो, देठावर गडद कडी पडतात, बोंड वेडंवाकडं होतं. ही लक्षणं असली तर फुलोऱ्यात 20 टक्के बोरॉन असलेल्या विद्राव्य खताची फवारणी करा, 15 लिटरच्या पंपाला 15 ग्रॅम. अंदाजाने मूठ टाकू नका, तराजू वापरा. बोरॅक्सचं द्रावण अल्कधर्मी असतं, म्हणून कीटकनाशकात मिसळू नका. कॅल्शियमच्या खतासोबतही नको.

वरुडच्या एका ताईंनी विचारलं, सवागी पापडात चालेल का? मुळीच नाही. पापडखार वेगळा, तो सोड्याच्या जातीचा. लेकराच्या तोंडात छाले झाले की सवागीची लाही मधात चाटवायची जुनी रीतही सोडा. बाळांना त्यातून विषबाधा होते. उरलेली पुडी लेबलासकट बांधून गोठ्याच्या वरच्या फळीवर ठेवा, मिठाच्या डब्याशेजारी नाही.