सैन्यातून निघालेल्या निसान वन-टनला डिझेल इंजिन टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात एका डीलरकडे सैन्यातून निघालेली निसान वन-टन, म्हणजे एक टन माल नेणारा सैनिकी ट्रक, उभी आहे आणि ती घ्यायचा विचार आहे. घरी सांभाळणं जमेल का, सुटे भाग मिळतात का, आणि सगळे म्हणतात तसं सरळ डिझेल इंजिन टाकून घ्यावं का, असं विचारलंय. पहिल्या दोन प्रश्नांवर बोलणारे पुष्कळ भेटतील. तिसऱ्यावर मला बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्याकडे या एका विषयावर भाऊबीजेच्या ताटावरसुद्धा वाद झालेले आहेत.

टाकू नका.

माझ्याकडे इंदूरला हीच गाडी आहे. जबलपूरला निसानच्या परवान्यावर बनलेली, सहा सिलिंडरांची, ३९५६ सीसी, पेट्रोल. आमचे भावोजी देवास नाक्याकडे ट्रकच्या बॉड्या बांधतात. त्यांच्या मते ज्याला डिझेलचा वास नाही तो ट्रकच नव्हे. गाडी दारात आली त्या दिवशीच त्यांनी माझ्यासाठी ट्रान्सपोर्ट नगरात एक जुनं डिझेल इंजिन 'बघून ठेवलं' होतं. मी नको म्हटलं, आणि तेव्हापासून गाडी जरा खोकली की ते फोनवर हसायचे.

मग गाडीनं त्यांना खरंच निमित्त दिलं. मे महिन्यात सगळ्यांना घेऊन महेश्वरला गेलो होतो. परतताना मंडलेश्वरला टाकी फुल केली आणि जाम घाट चढायला लागलो. घाटमाथ्यावरच्या जाम दरवाजाच्या खालच्या वळणांवर गाडीनं आधी ओढ सोडली, मग दोन गचके दिले आणि बंद. स्टार्टर फिरतोय, इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. महूपर्यंत येईतो पुन्हा तेच.

मे महिना, घाट, पेट्रोल इंजिन, त्यामुळे जो भेटला त्यानं 'व्हेपर लॉक' म्हणून सांगितलं, म्हणजे उष्णतेनं पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा, पाइपाला सुतळी गुंडाळा. मी तेही केलं, आणि फडकं ठेवून थोडा वेळ थांबलं की गाडी चालू व्हायची, त्यामुळे निदान बरोबर आहे असंच सगळ्यांना वाटलं. कुणाच्या लक्षात आलं नाही की फडकं न ठेवता तेवढाच वेळ थांबलं तरी ती चालू होते. मिस्त्रींनी कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला. शहरात गाडी एकदम शहाणी. लोहामंडी, सियागंज, पुन्हा घर, कधी त्रास नाही. लांब निघालो की घात.

डिसेंबरात उज्जैनच्या रस्त्यावर कुडकुडत्या थंडीत ती बंद पडली, तेव्हा व्हेपर लॉकची गोष्ट संपली. भावोजींनी निकाल दिला, "इंजिन गेलं. कॉम्प्रेशन राहिलं नाही. आता तरी ऐक." ताईसुद्धा त्यांच्या बाजूनं. मी कॉम्प्रेशन तपासून घेतलं, सहाही सिलिंडर जवळजवळ सारखे. तो कागद त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

शेवटी महूला राहणाऱ्या एका निवृत्त हवालदारांकडे गाडी नेली. मूळचे सातारकडचे, ईएमईत, म्हणजे सैन्याच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, आयुष्य गेलेलं, शिक्षण तुमच्याच बडोद्याच्या ईएमई स्कूलमध्ये. त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. आधी विचारलं, "बंद पडती ती टाकी भरल्यावर, का रिकामी असताना?" मी आठवून पाहिलं. दर वेळी टाकी भरलेली. शहरात मी कधी फुल करतच नव्हतो, कारण लिटरला चार किलोमीटर देणाऱ्या गाडीत कोण फुल टाकी घेऊन भाजी आणायला जाईल? ते म्हणाले, टाकी भरा, चालवा, आणि बंद पडली की झाकण काढा.

तसंच केलं. गाडी बंद पडल्यावर झाकण फिरवलं तर चांगला दोन सेकंद 'सुस्स' आवाज आला, हवा आत ओढली गेल्याचा. झाकण बंद केलं, स्टार्टर दिला, गाडी चालू.

झाकणात हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल खर्च होतं तशी तेवढी हवा त्यातून आत जायला हवी. विकणाऱ्यानं गाडी हिरवीची निळी करताना सगळ्यासकट झाकणावरही जाड थर फवारला होता आणि ते भोक बुजलं होतं. टाकी भरलेली असताना वर हवेची जागा थोडी, म्हणून निर्वात लवकर तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. टाकी अर्धी असेल तर वरची हवा बराच वेळ पुरते. हवालदारांनी सेफ्टी पिन घालून रंगाचा खवला काढला, झाकण रॉकेलमध्ये बुडवलं, फुंकून पाहिलं आणि चहा मागवला. पैसे घेतले नाहीत.

आता भावोजी, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच सांगा: डिझेल इंजिन टाकलं असतं तरी टाकी तीच राहणार होती ना? झाकणही तेच? मग लाखभर घालून तेही इंजिन जाम घाटातच उभं राहिलं असतं. आणि डिझेलच्या लाइनीत हवा शिरली की हातपंप मारत बसायचं ते वेगळंच.

इंजिन बदलण्याचे बाकीचे हालही सांगतो. गिअरबॉक्सला जोडायची प्लेट लेथवर बनवतात. ती केसभर जरी बाहेर गेली तर क्लच शाफ्टचं बेअरिंग आवाज करायला लागतं, मग दर सहा महिन्यांनी गिअरबॉक्स खाली. सैन्याच्या गाडीचे अ‍ॅक्सल चढासाठी आणि ओझ्यासाठी कमी वेगाचे असतात. त्यात हळू फिरणारं डिझेल टाकलं की गाडी रस्त्यावर बैलगाडी होते. पुढचे पाटे बसतात, माउंटिंग तडकतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. ती न करता फिरणारे पुष्कळ आहेत. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबर बघते.

सुट्या भागांचं म्हणाल तर सैन्याच्या जोंगा जीपमध्येही हेच इंजिन होतं, त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट अजून निघतात. जबलपूर हे माहेर, दिल्लीचं मायापुरी हे दुसरं ठिकाण. बेअरिंगसाठी 'निसानचं द्या' म्हणून दुकानं हिंडू नका. अंगावर नंबर कोरलेला असतो, तो वाचा आणि कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे जा. ऑइल सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून घेतली की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. ब्रेकचे सिलिंडर आतून गंजले असतील तर स्टीलची स्लीव्ह घालून घ्या, आणि ब्रेक ऑइलऐवजी चुकूनही दुसरं तेल ओतू देऊ नका, रबरं फुगतात. या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. एका चाकाला गळती लागली की चारही गेले.

पेट्रोलचं मात्र तुम्हाला सांभाळावं लागेल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इंजिनाच्या जुन्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा आणि रबरी पाइप ते खातं, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर ओढलेलं पाणी टाकीच्या तळाशी बसतं. पडदा आणि पाइप इथेनॉलला टिकणारे टाका, आणि आठवड्यातून एकदा गाडी खरोखर चालवा. उभ्या उभ्या दहा मिनिटं घरघर करून बंद करणं म्हणजे चालवणं नव्हे.

माझं म्हणणं कुठे लागू नाही तेही सांगून टाकतो. ब्लॉक फुटलेला असेल, किंवा रोजची माल वाहतूक करून पोट भरायचं असेल, तर पेट्रोल परवडणार नाही. पण मग ही गाडीच घेऊ नका, साधा जुना मिनी ट्रक घ्या. घरात गाडीखाली शिरून हात काळे करणारं कुणी नसेल तरी हेच सांगेन. तुमच्या गावात ईएमईचे निवृत्त लोक सापडायला अडचण येऊ नये. आधी तो माणूस शोधा, मग गाडी.

चाकांच्या रिंगवर लॉकची कडी (टायर जागेवर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी) असेल तर गल्लीतल्या पंक्चरवाल्याला हात लावू देऊ नका. हवा पूर्ण काढल्याशिवाय ती उघडायची नाही आणि हवा भरताना चाक पिंजऱ्यात किंवा साखळीनं बांधलेलं हवं. कडी सुटून माणसं मेलेली आहेत. रंगवाल्यांच्या नादी लागून गाडी पुन्हा सैनिकी हिरवी करू नका, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आणि डीलर कितीही घाई करो, लिलावाच्या मूळ कागदावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः खाली वाकून, तारेच्या ब्रशनं घासून वाचा. दोन्ही जुळले तरच पैसे द्या.