हात आणि मन, दोन्ही हळूहळू मोकळे होतील

ताई, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात खांद्याच्या वर जात नाही म्हणून तुम्ही घाबरला आहात. सहा वर्षांपूर्वी नाशिकला घरी परतले तेव्हा मलाही स्वतःची वेणी घालता येत नव्हती.

सुरुवातीची सर्वांत मोठी चूक म्हणजे दुखेल या भीतीने हात छातीशी धरून बसणे, कारण त्याने खांदा आखडतो आणि पुढे रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर नेणेही अवघड होते. सर्जनची परवानगी मिळाली की भिंतीसमोर उभ्या राहून बोटे मुंगीसारखी वर चालवा, ताण जाणवेल पण कळ येणार नाही तिथे थांबा आणि पेन्सिलीने खूण करा. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत. पहिली ओट्यापासून जेमतेम दोन वीत वर आहे.

दुसरी चूक घाईची. बरे वाटले म्हणून भरलेली बादली उचलू नका. काखेतील लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स, म्हणजे हातातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या असतील तर हाताला सूज येण्याचा धोका पुढे अनेक वर्षे राहतो. बांगड्या घट्ट होऊ लागल्या किंवा हात जड वाटला तर लवकर दाखवा, आणि लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

उपचार संपल्यावरच खरे रडू येते, आणि घरच्यांना ते उमजत नाही. मला गोदाकाठी मैत्रिणीबरोबर चालताना बोलता आले. झोप आणि भूक दोन आठवडे परतली नाही तर समुपदेशकांना भेटण्यात अजिबात कमीपणा मानू नका.

सूज आवरणारी घट्ट बाही (स्लीव्ह), मसाज यांची चिंता आज नको. फिजिओथेरपिस्ट वेळ आली की सांगतील.