गाडी पडली, हे घरी सांगायचं कसं?

"बाबा ६८ वर्षांचे आहेत आणि अडीच हजार किलोमीटरच्या बाइक टूरवर एकटे निघालेत. त्यांना थांबवू कसं?" असं विचारणारी मुलं-मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी बऱ्याचदा येतात. स्वतः गाडी चालवणारेही येतात. ते आधी घरच्यांच्या विरोधाबद्दल बोलतात आणि मग, दार बंद आहे ना याची खात्री करून, आवाज खाली आणून सांगतात, "मलाही हल्ली जरा धाकधूक वाटते. पण हे घरी कळलं तर किल्ली गेलीच समजा."

या चिंतेवर बोलताना मी वयाच्या आकड्यापासून सुरुवात करत नाही. ज्या घरात चूक सांगितली की किल्ली काढून घेतली जाते, त्या घरात चूक सांगितलीच जात नाही. उतारवयातल्या लांबच्या प्रवासात सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे ही न सांगितलेली चूक, असं माझं ठाम मत आहे. का, ते एका जोडप्याच्या अनुभवावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला दोघांचीही परवानगी आहे.

वेळ मुलीने घेतली होती, आले ते आई-वडील दोघंच. गृहस्थ तरुणपणापासून गाडी चालवणारे. निवृत्तीनंतर तर त्यांचं वर्षच टूरभोवती फिरायचं, एक संपली की दुसरीचे नकाशे उघडायचे. गाडी मोठी, टुरिंगची. रिकामीच अडीचशे किलोच्या आसपास. दोन्ही बाजूंच्या पेट्या आणि मागची बॅग भरली की तीनशेच्या जवळ. बाई पूर्वी मागे बसून जायच्या, गुडघे दुखायला लागले तशा घरी थांबू लागल्या.

"ह्यांना तुम्हीच समजवा आता. वय झालंय हे मान्यच करायचं नाही म्हणजे काय?"

"चाळीस वर्षं चालवतोय. एक अपघात दाखव."

दोघांचीही वाक्यं पाठ झालेली होती. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्यांबरोबरच्या कामातून एक गोष्ट मांडली: समोरचा बदलासाठी जितका जोर लावतो, तितकी माणसाच्या तोंडून न बदलण्याची कारणं बाहेर पडतात, आणि आपणच बोललेलं आपल्याला पटत जातं. बाइकवरून होणाऱ्या भांडणात मला हे सतत दिसतं. बायको म्हणते बंद करा. नवरा आपण किती ठणठणीत आहोत ते सांगतो. आणि सांगता सांगता स्वतःच्या धाकधुकीकडे बघायचं त्याचं राहून जातं.

म्हणून मी त्यांना समजावलं नाही. बाईंना विचारलं, "भीती वाटते तेव्हा डोळ्यांसमोर नेमकं काय येतं?"

मला वाटलं होतं त्या अपघाताचं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, "फोन लागत नाहीये आणि मी घड्याळ बघत बसलेय." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "आणि हे मला खरं सांगत नाहीत. मागच्या वेळी आले तेव्हा उजवीकडची पेटी घासलेली होती. विचारलं तर म्हणे, पार्किंगमध्ये कुणीतरी धक्का दिला."

गृहस्थ काहीच बोलले नाहीत. पुढची भेट मी त्यांच्या एकट्याची ठेवली.

त्यात दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. पेट्रोल भरून निघताना उतारावर, बारीक खडीवर गाडी वळवत होते. वेग चालण्याइतकाच. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला गेला, पाय जमीन शोधायला गेला आणि जमीन पायाला लागली ती वेळेपेक्षा उशिरा. गाडी उजवीकडे आडवी. लागलं काही नाही. "पण मला ती उचलता आली नाही. दोन पोरांनी येऊन उचलली. 'काका, तुम्ही बाजूला व्हा' म्हणाले." हे वाक्य त्यांना बरेच महिने खुपत होतं.

दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. दुपारी जेवून निघाल्यावर सरळसोट रस्ता होता आणि मधले काही किलोमीटर कसे गेले ते आठवतच नाहीत. एकदम भान आलं तेव्हा गाडी लेनच्या कडेला गेलेली होती.

लाज पहिल्या गोष्टीची होती, धोका दुसऱ्या गोष्टीत होता. माझ्या कामात हे पुन्हा पुन्हा दिसतं: माणसाला जे लपवावंसं वाटतं ते बहुतेक वेळा चारचौघांत दिसलेलं असतं, आणि जे खरंच जिवावर बेतू शकतं त्याला साक्षीदार नसतो. कमी वेगात गाडी आडवी होणं तिशीतही होतं. वजन, सीटची उंची, वळलेल्या हँडलवर दाबलेला पुढचा ब्रेक अशी त्याची साधी कारणं असतात आणि त्यावर उपायही आहेत. पण ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ६६ मीटर रस्ता कुणीच चालवलेला नसतो.

मी त्यांना विचारलं, रात्री झोप कशी लागते? "उत्तम. पडलो की झोपतो."

आता बाईंची माहिती ऐका. त्याच आठवड्यात त्या एकट्या आल्या होत्या. नवऱ्याच्या झोपेबद्दल विचारल्यावर म्हणाल्या, "घोरतात ते तर जाऊच दे. मध्येच आवाज बंद होतो, श्वासच थांबल्यासारखा, आणि मग दचकून पुन्हा सुरू. मी हलवते कधी कधी." वर्षानुवर्षं त्या हे बघत होत्या. रस्त्यावरच्या त्या हरवलेल्या किलोमीटरबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि नवऱ्याला आपल्या झोपेतल्या श्वासाबद्दल. डॉक्टरपुढे एकत्र ठेवायला हव्यात अशा दोन गोष्टी एकाच घरातल्या दोन माणसांकडे वेगवेगळ्या पडून होत्या, आणि मधे होती ती किल्ली जाण्याची भीती.

दोघांना एकत्र बसवण्याआधी मी बाईंकडून एक कबुली घेतली. ते जे सांगतील ते ऐकून घ्यायचं, प्रश्न विचारायचे, पण "बंद" हा शब्द त्या दिवशी उच्चारायचा नाही. निर्णय दुसऱ्या दिवशी. त्यांना ते जड गेलं. त्यांच्या जागी कुणालाही गेलं असतं. गृहस्थांकडूनही एक कबुली घेतली: तपासण्या होईपर्यंत लांबचा रस्ता नाही. ती त्यांनी ताबडतोब दिली. पेटी घासल्याची हकिगत सांगताना ते अडखळले. झोपेची सांगितली तेव्हा बाईंनी डोळ्याला पदर लावला, पण शब्द पाळला. एवढंच विचारलं, "जेवणात काय घेतलं होतं? आणि गोळी कुठली?"

तो प्रश्न नेमका होता. त्या दिवशी सर्दीची गोळी घेतलेली होती. सर्दी आणि ॲलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. शिवाय प्रोस्टेटसाठी रोजची एक गोळी चालू होती. त्या गटातल्या काही औषधांनी उठून उभं राहताना रक्तदाब खाली येतो. तासभर बसून राहिलेला माणूस गाडीवरून उतरतो आणि डोकं गरगरतं, ते कधी कधी यामुळे. मी डॉक्टर नाही आणि कुणाची गोळी बदलत नाही. पण सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन "मी रोज सहा-सात तास मोटरसायकल चालवतो" हे वाक्य डॉक्टरांना सांगा, असं मी प्रत्येकाला सांगते. ते वाक्य ऐकल्याशिवाय डॉक्टर त्या दृष्टीने बघतीलच असं नाही.

झोपेच्या तपासणीत स्लीप ॲप्निया निघाला. यात झोपेत श्वासमार्ग वारंवार बंद होतो, मेंदू दर वेळी अर्धवट जागा होतो, आणि आठ तास अंथरुणात काढूनही विश्रांती मिळत नाही. "पडलो की झोपतो" याचं ज्यांना कौतुक वाटतं, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. उपचार न घेतलेल्या ॲप्नियात गाडी चालवताना अपघाताचा धोका वाढतो आणि नीट उपचाराने तो कमी होतो. त्यांना सीपॅप यंत्र सुरू झालं, म्हणजे नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवायचा. काही आठवड्यांनी ते म्हणाले, "दुपारी वाचत बसलो तरी आता पुस्तक हातातून पडत नाही."

डोळ्यांच्या तपासणीत मोतीबिंदूची सुरुवात दिसली. वयानुसार बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, भिंग पिवळट होतं. विशीच्या तुलनेत साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात मोतीबिंदू असला की समोरचे दिवे पसरून डोळ्यांवर येतात आणि त्यातून सावरायला वेळ लागतो. बाकी मला माहीत असलेल्या बारीकसारीक गोष्टी मी पटापट सांगितल्या. वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते, तेव्हा तहान लागायची वाट न बघता प्रत्येक थांब्यावर पाणी प्यायचं. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी टाळणं तर अजिबात नको. हवा ३५ अंशांच्या वर गेली की अंगावर येणारा वारा थंड करण्याऐवजी तापवू लागतो. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर असतो आणि दिवसअखेरच्या थकव्यात त्याचा मोठा वाटा असतो. नियमात बसत असेल तर इअरप्लग वापरावेत. आणि पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर (ती जिथून गेली तिथे आपण पोचेपर्यंतचा वेळ) पुरेसं मानायची सवय सोडून तीन-चार सेकंद ठेवावेत.

गाडीचा विषय मात्र पटापट आटपणारा नव्हता. तीनशे किलो हा त्यांच्यासाठी नुसता भार नव्हता. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली, बाइकवाल्यांच्या गटात जिच्यावरून त्यांना ओळखायचे ती गाडी. हलकी गाडी घेणं म्हणजे सगळ्यांसमोर हार मानणं, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना विकायला सांगितलं नाही. एका प्रशिक्षकाकडे जाऊन मोकळ्या मैदानात कमी वेगाचा सराव करा म्हटलं: आठचा आकडा, अरुंद यू-टर्न, उतारावर थांबून निघणं, हँडल सरळ झाल्याशिवाय पुढच्या ब्रेकला हात न लावणं. सरावासाठी तिथे १८० किलोच्या आसपासची, कमी उंचीच्या सीटची गाडी होती. दोन्ही तळवे सपाट टेकत होते. चौथ्या की पाचव्या वेळी तिथून परतल्यावर त्यांनी आपणहून जुन्या गाडीसाठी गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. दुःख झालंच. त्या दुःखासाठी आम्ही एक पूर्ण भेट दिली आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. आयुष्यभर अंगात मुरलेली ताकद कमी होते तेव्हा माणसाला शोक करायला जागा लागते, आणि "अहो, एक गाडीच तर आहे" म्हणणारी घरची माणसं ती जागा नकळत हिरावून घेतात.

मग टूर. बारा दिवसांची पाच दिवसांची झाली, रोजचं अंतर २५० किलोमीटरच्या आत आलं, मुक्काम वीज असलेल्या ठिकाणीच, कारण सीपॅप बरोबर होतं. दुपारच्या जेवणानंतर तासभर गाडीला हात नाही; दोन ते चारच्या दरम्यान शरीराची झोपेकडे जाण्याची ओढ तशीही वाढते. बाईंसाठी जागेचा पत्ता कळवत राहणारं ॲप आणि ठरलेल्या वेळी फोन. घड्याळ बघत बसण्यावर तो खरा उपाय होता.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास त्यांचा फोन आला. ठरलेली वेळ नव्हती. "मुक्काम अजून साठ किलोमीटर आहे, पण डोळे जड झालेत. इथेच थांबतोय." बाईंनी विचारलं, "खोली मिळाली का?" एवढंच. मला हे दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांनाही त्या फोनचं महत्त्व कळलेलं होतं. वर्षभरापूर्वी तो फोन झाला नसता. ते साठ किलोमीटर त्यांनी रेटून नेले असते.

ज्या मुला-मुलींना आई-वडिलांशी बोलायचंय, त्यांना माझी विनंती आहे की परतल्यावर पहिला प्रश्न "काही झालं नाही ना?" असा विचारू नका. त्याचं उत्तर "नाही" असंच येतं. "या वेळी कुठे जास्त दमलात? कुठल्या वळणावर नको वाटलं?" असं विचारा आणि उत्तर ऐकल्यावर लगेच काही ठरवू नका.

काही गोष्टींत मात्र मी वाटाघाट करत नाही. कारण न कळता आलेली चक्कर किंवा शुद्ध जाणं, फिट, हाता-पायातली अचानक आलेली अशक्तता किंवा बोलण्यात अडखळणं, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणं, इन्सुलिनवर असताना साखर एकदम खाली जाणं. यांतलं काही घडलं तर डॉक्टर स्पष्ट परवानगी देईपर्यंत गाडी उभी.

या जोडप्याने शेवटी एक कागद केला. प्रकृती चांगली असताना, भांडण नसताना, कुठल्या खुणा दिसल्या की गाडी चालवणं कायमचं सोडायचं ते गृहस्थांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. वयाचा आकडा लिहायला त्यांनी नकार दिला आणि बाईंनी तो मान्य केला. वर्षातून एकदा प्रशिक्षकाकडून चाचणी आणि डोळ्यांची तपासणी, त्यात प्रशिक्षक आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणतील तसं, हे कलम आलं. अंधारात गाडी न चालवण्याचं कलम लिहून झालं, खोडलं गेलं, पुन्हा लिहिलं गेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की ते काढून टाकावं, असं त्यांचं म्हणणं; बाईंना ते तसंच हवंय. त्यावर अजून एकमत नाही, पुढच्या भेटीचा विषय तोच आहे.