शॉवर बंदच होत नाही! मुलांच्या अंघोळीला लिमिट कशी घालायची?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही पुण्यात उंड्रीला राहतो, सोसायटी चांगली आहे पण पाणी बहुतेक टँकरचंच, उन्हाळ्यात मेंटेनन्सच्या वर टँकरचे वेगळे पैसे काढावे लागतात. मोठी मुलगी १३ वर्षांची, धाकटा ८ वर्षांचा. मुलगी संध्याकाळी क्लासहून आली की बाथरूममध्ये शिरते ती अर्धा तास तरी बाहेर येत नाही, शॉवर पूर्ण वेळ चालू, बाहेर आवाज येतो ना. गॅस गीझर आहे त्यामुळे गरम पाणी संपतच नाही. थंडीत तर खिडकीसुद्धा लावून घेते, आरसा वाफेने पांढरा झालेला असतो. धाकटा सकाळी शॉवरखाली नुसता उभा राहून खेळतो, खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवत असतात तरी याच्या अंगाला अजून साबण लागलेला नसतो. मिस्टर चिडून दार बडवतात, परवा तर त्यांनी ड्राय बाल्कनीतला कॉकच बंद केला, मुलगी डोक्याला शाम्पू तसाच ठेवून आत रडत बसली आणि मग घरात कोणी कोणाशी बोलेना. सासूबाई म्हणतात शॉवर काढून टाका, एक बादली द्या, आम्ही नाही का मोठे झालो. लिमिट घालायची तर किती मिनिटांची, आणि भांडण न होता कशी?
– एक आई, उंड्री

उत्तर : मिनिटांचं सांगतेच, पण त्याआधी तुमच्या पत्रातली एक गोष्ट वाचून मला खरंच काळजी वाटली, तुम्ही ती अगदी सहज लिहून गेलाय. गॅस गीझर, खिडकी बंद आणि अर्धा तास. गीझर जर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर हे आजच्या आज थांबवा. गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो, एवढ्याशा बंद खोलीत तो कमी पडायला लागला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नाही आणि रंगही नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, मुलांना वाटतं गरम वाफेनं होतंय, आणि मग कडी काढण्याएवढं त्राणही राहत नाही. म्हणून गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळी हवा असेल तिथे हलवून घ्या आणि त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप लावलाय ना ते बघून घ्या. हे होईपर्यंत खिडकी उघडी ठेवून बादलीत गरम पाणी काढायचं, गीझर बंद करायचा, मग अंघोळीला आत जायचं, शॉवर घ्यायचाच नाही. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणजे भागलं असं समजू नका. आणि देव न करो पण आतून हाकेला ओ येत नसेल तर वाट बघत बसायचं नाही, दार फोडायचं, खिडक्या उघडायच्या, गॅस बंद करायचा, मुलाला मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. कडीच्या जागी बाहेरून नाण्याने उघडता येणारं लॉक मिळतं, ते बसवून घ्या.

हे मुलीला नीट समजावून सांगा, घाबरवायला म्हणून नाही, १३ वर्षांच्या मुलीला हे व्यवस्थित कळतं.

आता भांडणाबद्दल. बाहेरून कॉक बंद करणं मिस्टरांनी पुन्हा करू नये असं मला मनापासून वाटतं. या वयात शरीर बदलत असतं, मुलगी त्याला सरावत असते, आणि ती आत अंगावर कपडे नसताना बाहेरून बाबा दार बडवतायत, पाणी तोडतायत, ह्यातून ती पाणी जपायला शिकत नाही, या घरात आपली म्हणावी अशी जागाच नाही एवढंच शिकते. लिमिटचं बोलणं दाराच्या आड नको, जेवणं झाल्यावर सगळे निवांत बसले असताना करा. दार वाजवायचं एकदाच, हळू, आणि आतून 'हो' यायलाच हवं, एवढं दोघांनी पाळायचं.

तुमच्या दोन मुलांची तक्रार तुम्ही एकत्र लिहिलीय पण मला त्या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. मुलगी सकाळपासून शाळा, बस, क्लास, मैत्रिणी, मोबाइलवरचे ग्रुप यातून घरी येते, घरी धाकटा भाऊ, बहुतेक खोलीही त्याच्यासोबतच असणार, आणि आल्या आल्या 'टेस्टमध्ये किती मिळाले' विचारणारे आपण. अख्ख्या फ्लॅटमध्ये आतून कडी लावता येते आणि कोणी का म्हणून विचारत नाही अशी एकच खोली आहे. तिला हवंय ते एकटेपण, पाणी नुसतं वाहतंय सोबतीला. मग लिमिट पाण्याला घाला, तिच्या वेळेला नको. क्लासहून आल्यावर अर्धा तास बेडरूमचं दार लोटून ती एकटी राहील, भाऊ बाहेर खेळेल, कोणी काही विचारणार नाही, हे आधी ठरवून द्या. बाथरूममध्येसुद्धा केस पुस, क्रीम लाव, आरशापुढे उभी राहा, फक्त नळ बंद. पाळीच्या दिवसांत वेळ आणि पाणी दोन्ही जास्त लागतं, ते मोजायचंच नाही, तिने सांगावं लागू नये.

पाणी किती जातं ते मात्र तिलाच मोजू द्या. शॉवरखाली २० लिटरची बादली ठेवायची, मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं. बादली दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे अर्ध्या तासात ३०० लिटर, पंधरा बादल्या. ते छतातले मोठे चौकोनी शॉवर असतात त्यांना याहून जास्त लागतं. आपल्याकडे शहराच्या पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं, भांडी, फ्लश सगळं आलं. आणि तुमचा १० हजार लिटरचा टँकर अशा तेहतीस अंघोळींत रिकामा होतो. हे आकडे तुम्ही ऐकवले तर ते लेक्चर होईल, तिने स्वतः बादली भरून काढले की तिचे होतात. जमलं तर मे महिन्यात एकदा दोघांना खडकवासल्याला नेऊन आणा, भजी कणीस खा आणि पाणी किती खाली गेलंय ते काठावरून बघू द्या. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चारही धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट पाणी मावतं, पुण्याची तहान त्यावर आहेच आणि कालव्याने ते दौंड इंदापूरच्या शेतीलाही जातं, तिच्या वयाच्या मुलीला हे ऐकून वाटेल काहीतरी.

तर मिनिटं. रोजच्या अंघोळीला वाहतं पाणी पाच मिनिटं पुरतं, केस धुवायच्या दिवशी आठ-दहा. सलग नव्हे बरं, अंग ओलं करून नळ बंद, साबण लावून मग पुन्हा चालू. मिनिटाला ६ ते ८ लिटरवाले शॉवर मिळतात, प्लंबरला सांगून तो बसवला तर तुम्ही तोंडातून शब्द न काढता पाणी वाचतं. त्वचेसाठीसुद्धा हेच बरं, कडक पाण्याची लांबलचक अंघोळ अंगावरचं नैसर्गिक तेल काढून टाकते, आपल्याकडची थंडी कोरडी, मग पोरं पोटऱ्या खाजवत बसतात. कोमट पाणी आणि अंग थोडं ओलसर असतानाच क्रीम किंवा खोबरेल.

धाकट्याचं सोपं आहे. ८ वर्षांच्या मुलाला पाण्यात खेळायचंच असतं, त्यात काही वावगं नाही, फक्त सकाळी व्हॅनची वेळ ही त्याची जागा नव्हे. त्याची अंघोळ संध्याकाळी खेळून आल्यावर ठेवा, तसाही तेव्हाच तो खरा मळलेला असतो, सकाळी तोंड हातपाय धुतले की झालं. बऱ्याच मुलांना अंघोळ कुठून सुरू करायची हेच माहीत नसतं म्हणून ती नुसती धारेखाली उभी राहतात. आठवडाभर मिस्टरांनी त्याच्यासोबत आत जावं, बादली-मग घेऊन, मान, कानामागे, काखा, कोपरं, घोटे, बोटांच्या बेचक्या असं क्रमाने शिकवावं. एकदा क्रम हाताला बसला की तो झटपट आवरतो. आणि रविवारी एक मोठी अंघोळ त्याच्या हक्काची ठेवा, बादलीत काय बोटी सोडायच्या त्या सोडू दे. दिवाळीतलं अभ्यंगस्नान, रंग खेळून आल्यावरची अंघोळ, तिथे घड्याळ लावू नका.

सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाहीये. बादलीत पाणी डोळ्यांना दिसतं म्हणून ते आपोआप कमी वापरलं जातं, आणि सध्या गीझरमुळे तुम्हाला तेच करायचंय. पण बादली शिक्षा म्हणून फक्त मुलांना आणि मोठ्यांना शॉवर असं झालं तर मुलं लगेच बोट दाखवतात, आणि दाखवावंच. दाढी करताना नळ सोडून ठेवणं, भांडी घासताना धार चालू ठेवणं, सगळ्यांनी सोडायचं.

अजून एक सांगते. लांब अंघोळ म्हणजे आराम किंवा एकांत असेल तोवर वरचं सगळं ठीक. पण मूल पुन्हा पुन्हा तेच धूत असेल, कितीही धुतलं तरी स्वच्छ वाटत नाही म्हणत असेल, हात लाल होऊन सोलवटले असतील, मध्ये कोणी हाक मारली तर पहिल्यापासून सुरुवात करत असेल, किंवा हे अचानक सुरू झालं आणि सोबत खाणं, झोप, मैत्रिणी पण सुटल्या असतील, तर लिमिट घालू नका, रागावू तर अजिबात नका. बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. यावर उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो.

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या इमारतीत सोलर आहे. नातू शॉवर सोडून ठेवतो आणि गरम पाणी येईस्तोवर बाहेर येऊन मोबाइल बघतो. विचारलं तर म्हणतो आजोबा थंड पाण्याने करू का अंघोळ? काय सांगावं त्याला?
– एक आजोबा, कोथरूड

उत्तर : काका, नातवाची अडचण खरी आहे. गच्चीवरच्या टाकीपासून तुमच्या नळापर्यंतच्या पाइपात रात्रभर पाणी थंड होऊन बसतं, ते बाहेर पडल्याशिवाय गरम पाणी येत नाही, आणि जितका खालचा मजला तितकं ते जास्त. तेव्हा शॉवर नाही, आधी खालचा नळ सोडायचा आणि त्याखाली रिकामी बादली ठेवायची. ते चांगलं पाणी आहे, फरशी पुसायला, कुंड्यांना, फ्लशला होतं. मोबाइल बाथरूमच्या बाहेर, आणि बादली भरेपर्यंत तिथेच उभं राहून दात घासायचे, हे त्याचं काम. शक्य असेल तर घरातल्यांनी सकाळी पाठोपाठ अंघोळी उरकाव्यात म्हणजे थंड पाणी एकदाच काढावं लागतं. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये गरम पाण्याच्या पाइपांना इन्सुलेशन आहे का, आणि असलं तर कुठे फाटलंय का, हा विषय तुम्हीच काढा, उन्हात ते काही वर्षांत निघून येतं आणि बहुतेक ठिकाणी कोणी वर जाऊन बघितलेलंच नसतं.