ट्रेड नवा, पण वर्कशॉप?

प्रश्न : मुलगा यंदा दहावी झाला. त्याला आयटीआयमध्ये विजेवरच्या गाड्यांच्या मेकॅनिकचा नवा ट्रेड घ्यायचा आहे; काका म्हणतात, इलेक्ट्रिशियनच घे. माझे सासरे गिरणीत विणकाम खात्यात होते. १९८२ च्या संपानंतर त्यांच्या कसबाला कुणी विचारले नाही. मुलाचेही तसेच होईल का? काळाप्रमाणे सरकार अभ्यासक्रम बदलते का?
— एक आई, लालबाग

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. अभ्यासक्रम बदलतात, हे खरे. कौशल्य शिक्षणाच्या दर्जासाठी २०१८ मध्ये राष्ट्रीय परिषदही स्थापन झाली. परंतु कागदावरचा अभ्यासक्रम जितक्या लवकर बदलतो, तितक्या लवकर वर्कशॉपमधली यंत्रे बदलत नाहीत, आणि निदेशकांचा हात नव्या कामावर बसायला तर त्याहूनही वेळ लागतो. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. म्हणूनच २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ६०,००० कोटी रुपयांच्या योजनेत १,००० आयटीआय सुधारण्याबरोबर निदेशकांच्या प्रशिक्षणासाठी पाच राष्ट्रीय संस्थांची क्षमता वाढवण्याचीही तरतूद आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

आता मुलाविषयी. विजेवरच्या मोटारीत नारिंगी आवरणाच्या जाड तारा दिसतात. त्या उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात लावण्यापूर्वी बॅटरीचा पुरवठा तोडायचा, थोडा वेळ थांबायचा, रबरी हातमोजे घालून मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करायची आणि मगच पाना उचलायचा. ही शिस्त मुळात वीजकामाची आहे. म्हणून नव्या ट्रेडची सोय अपुरी वाटली, तर काकांचा सल्ला मला पटतो : इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा पाया गाडीत, लिफ्टमध्ये, मेट्रोच्या देखभालीत, सगळीकडे उपयोगी पडतो.

त्यानंतर शिकाऊ उमेदवारी मात्र चुकवू नका, कारण नवे यंत्र आधी कारखान्यात येते, संस्थेत नंतर. १९६१ च्या कायद्याखालील नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना, कंत्राटी कामगार धरून, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात.

प्रवेशाचे पर्याय भरण्याआधी मुलाला घेऊन संस्थेत जा. बॅटरी उघडून दाखवता का, मुलांना ती स्वतः हाताळू देता का आणि किती जणांत एक संच आहे, हे निदेशकांनाच विचारा.