लॅपटॉप सुरूच होत नाही, आतले फोटो परत मिळतील का?

बहुतेक वेळा मिळतात. मदरबोर्ड जळला तरी डिस्क शाबूत असू शकते. मागचं झाकण उघडून ती काढा. २.५ इंची असेल तर साटा-यूएसबी केस, म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीने जोडायची डबी, लागते. बोटाएवढी एम डॉट टू पट्टी असेल तर ती साटा की एनव्हीएमई, यातल्या कोणत्या जोडणीची आहे हे पाहूनच केस घ्यावी लागते. पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाताना डिस्क सोबत न्या, म्हणजे चुकीची केस गळ्यात पडत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून आधी फोटो कॉपी करा, बाकी सगळं नंतर. बिटलॉकरने, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीने, ४८ अंकी की (किल्ली) मागितली, तर ती मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा.

हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज आला तर मात्र लगेच केबल काढा. आतलं वाचणारं हेड डेटा असलेल्या तबकडीवर घासत असेल, तर 'आणखी एकदा लावून बघू' यातच वाचू शकणारे फोटो जातात. तिथे रिकव्हरी लॅबच हवी. आवाज नाही, पण विंडोज 'फॉरमॅट करायचं का' विचारतंय? नाही म्हणा, फोटोरेक हे फाइल परत शोधणारं सॉफ्टवेअर चालवा आणि सापडलेल्या फाइल दुसऱ्याच डिस्कवर उतरवा.

फोटो हाती आले की त्याच दिवशी दोन प्रती करा: एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर. ती हार्ड डिस्क कायम जोडून ठेवू नका. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, तिच्यावरही पसरतं.